ज्योतीचा रंग

आमच्या गावात दारू चांगली की वाईट ते चमच्यात ठरतं. चमचाभर दारू घ्यायची, काडी लावायची आणि सावलीत धरून बघायचं. ज्योत निळी उठली तर दारू शुद्ध. काजळी धरली किंवा पेटलीच नाही, तर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून बाटली परत करायची. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी अल्कोहोलांचा धडा आला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅम, चमच्याचा प्रयोग परीक्षेला आहे का?" वर्ग हसतो. पूर्वी मीही हसायची. आता तो धडा मी फळ्याकडे तोंड करून शिकवते.

डेल्फिन माझा सख्खा धाकटा भाऊ. तोसुद्धा मला मॅमच म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचा, मग तेच तोंडात बसलं. त्याचं काम माडी काढायचं. आमच्याकडे माडी काढणारा प्रत्येक माडावरून खाली उतरत बसत नाही. माडांच्या शेंड्याशेंड्यांतून बांबूचे साकव बांधलेले असतात, एक बांबू पायाखाली, एक हाताला. सकाळी पहिल्या माडावर चढायचं, पोयीचं, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक तासायचं, रात्रभर ठिबकलेली माडी बांबूच्या नळ्यात ओतून घ्यायची आणि साकवावरून पुढच्या माडावर. खाली उभं राहून वर बघितलं तर आपलेच पाय लटपटतात. डेल्फिन मात्र तिथून शिट्टी वाजवत जायचा, आणि पलीकडच्या रांगेतून त्याचा जोडीदार आंबो तीच शिट्टी परत द्यायचा. ही माडी आंबोचा बाप मांग इगमे (मांग म्हणजे आमच्याकडे काका) याच्या भट्टीवर जायची आणि तिची लांबानोग व्हायची. गावात लग्न असो, बारसं असो, मयत असो, पाण्यासारखी स्वच्छ आणि घशाला आग लावणारी लांबानोग हवीच.

डेल्फिनला ती जरा जास्तच हवी असायची. एके सकाळी रात्रीची उतरायच्या आतच तो वर चढला, साकवावर त्याचा पाय सुटला आणि तो एका हातावर लोंबकळत राहिला. आंबोनं धावत जाऊन त्याला ओढून घेतलं म्हणून वाचला. बेलेनला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कळलं तेव्हा ती ना रडली ना ओरडली. हातातला भात तसाच टाकून तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला सरळ सांता लुसियाच्या चॅपेलमध्ये घेऊन गेली.

सांता लुसिया आमच्या गावाची रखवालदारीण. तिच्या हातात एक ताट असतं आणि त्या ताटात दोन डोळे असतात, रंगवलेले, उघडे. लहानपणी मला त्या ताटाची भीती वाटायची. बेलेननं डेल्फिनचा हात त्या ताटावर ठेवला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, थेंबभर जरी प्यालो तर हे माझे डोळे जाऊ देत.

आता डोळ्यांची शपथ आमच्याकडे लोक उठताबसता घेतात. बाजारात मासळीवाली म्हणते, मासा शिळा निघाला तर आंधळी होईन. तसं खरंच होत असतं तर बाजारात एक डोळस बाई उरली नसती. पण चॅपेलमध्ये, ताटावर हात ठेवून घेतलेली शपथ वेगळी. ती डेल्फिननं पाळली. लोकांनी खूप चिडवलं त्याला. मेजवानीत त्याच्यापुढं मुद्दाम आल्याचा काढा ठेवायचे आणि म्हणायचे, बाळंतिणीला आधी वाढा. तो हसून काढा प्यायचा. बेलेनचं अंग भरलं, घराला पत्र्याचं छप्पर आलं, आणि संध्याकाळी दोघं दारात बसून भाजलेलं मक्याचं कणीस अर्धं अर्धं खाताना दिसू लागली. मला लग्नाचा अनुभव नाही, पण ते कणीस बघून मला कधीकधी हेवा वाटायचा.

मग मोठं वादळ आलं. माडांचे शेंडे पिळवटून गेले, पोया गळाल्या, माडी आटली, मांग इगमेची भट्टी थंड पडली. साकवांचे बांबूही आतून कुजले होते, ते बाहेरून दिसलं नाही. आंबो पडला तेव्हा डेल्फिन शेजारच्याच माडावर होता. त्यानं बांबू मोडल्याचा आवाज ऐकला आणि मान वळवली. पुढचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आंबोला त्यानंच पाठीवर घालून घरी नेलं.

आमच्याकडे माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. शवपेटी घरात ठेवतात आणि गाव येऊन जागत बसतं. पेज असते, बिस्किटं असतात, पत्त्यांचा डाव असतो आणि दारू असतेच. त्या वेळी घरची दारू नव्हती. म्हणून शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून प्लास्टिकच्या कॅनमधून दारू आणली. मांग इगमेनं मुलाच्या पेटीशेजारी उभं राहून चमच्यात ओतून काडी लावली. ज्योत उठली ती निळीशार, काजळीचा मागमूस नाही. तो म्हणाला, "चांगली आहे. बसा सगळे." इगमे चांगली म्हणाला की ती चांगली. गावात यावर कुणी दुसरं मत देत नाही.

मी त्या बैठकीला नव्हते, पण बैठक कशी असते ते मला माहीत आहे. पेला एकच. ओतणारा एकच. पहिला घोट मेलेल्यासाठी जमिनीवर सांडायचा, मग पेला हातोहात फिरतो. ज्याच्या हातात येतो त्यानं सगळ्यांकडे बघून म्हणायचं, घेतो बरं का. बाकीच्यांनी म्हणायचं, लाभो. तसं म्हटल्याशिवाय कुणी पीत नाही आणि ऐकल्याशिवाय कुणी पेला उचलत नाही. पेला डेल्फिनपाशी आला की दरवेळी त्याला वगळून पुढं जायचा. त्या संध्याकाळी मांग इगमेनं तो थांबवला. काठोकाठ भरला आणि डेल्फिनच्या हातात दिला. म्हणाला, "ही आंबोच्या वाटची. त्याची तू घे. वर तूच होतास त्याच्याबरोबर."

शपथ सगळ्यांना ठाऊक होती. पत्ते पिसणारे हात थांबले. डेल्फिननं पेटीकडे बघितलं, आणि म्हणाला, घेतो बरं का. लोक म्हणाले, लाभो. त्यानंतर कितीदा पेला त्याच्याकडे आला आणि कितीदा त्यानं रिकामा केला हे कुणी मोजलं नाही.

दुसरा दिवस त्यानं अंथरुणातच काढला. डोकं ठणकत होतं, पोटात पिळवटत होतं, पेजही राहत नव्हती. बेलेनला तो म्हणाला, ताप आहे. तिला वास आला होताच. पण मित्राची पेटी अजून घरात आहे, आज भांडायला नको, असं म्हणून ती गप्प राहिली. हे तिनं मला पुढं सांगितलं. बैठकीतली अट्टल मंडळी मात्र सकाळी डोकं जड झालं तशी दुकानातून जिन घेऊन आली आणि उतारा म्हणून दिवसभर तीच पीत बसली. डेल्फिनला पश्चात्ताप झाला होता. त्यानं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं डोळे उघडले आणि बेलेनला विचारलं, "सकाळ झाली का गं? सगळं पांढरं दिसतंय. नारळाच्या दुधातून बघितल्यासारखं."

ती दिवा घेऊन आली. दिवा त्याला दिसला नाही. तो म्हणाला, "घेतले तिनं. सांता लुसियानं घेतले माझे डोळे."

बेलेननं त्याला एवढंच विचारलं, प्यालास का. तो म्हणाला, आंबोच्या वाटची. त्यावर तिनं त्याला शर्ट घातला, हाताला धरलं आणि चॅपेलमध्ये घेऊन गेली. आमच्या गावात कुणीही तेच केलं असतं. जिनं घेतलं तिच्याकडेच मागायला जायचं. दारापासून वेदीपर्यंत दोघं गुडघ्यांवर चालत गेली, परत दारापर्यंत आली, परत वेदीपर्यंत गेली. तो मध्येच कलंडायचा, ओकायचा. ती पुसून घ्यायची आणि त्याला पुन्हा गुडघ्यांवर उभं करायची. येणारेजाणारे बघत होते. प्यायलाय, दुसरं काय, म्हणून पुढं जात होते.

मला कळलं ते दुपारी, शाळा सुटल्यावर. फाटकाशी कुणीतरी हसत सांगितलं की मॅम, तुमच्या भावाला शपथ लागली. मी विचारलं, म्हणजे काय झालं नेमकं. तो म्हणाला, दिसेनासं झालंय, सकाळपासून गुडघे घासतोय. आणि इतक्यात समोरून दुसरा धावत आला, त्या बैठकीतला एक जण धापा टाकत गेला म्हणून. मी तशीच मांग इगमेच्या घराकडे धावत सुटले.

दारू म्हणजे एकच चीज नव्हे. अल्कोहोलांचं मोठं घराणं आहे, आणि त्यातली सगळ्यात धाकटी दोन भावंडं दिसायला अगदी सारखी. मिथेनॉल आणि इथेनॉल. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दोन्ही पाण्यात विरघळणारी, दोन्ही निळ्या ज्योतीनं जळणारी. फरक एका कार्बनचा. माणूस पितो ते इथेनॉल. पोटात गेलं की यकृत त्याचं आधी एक आणि मग दुसरं काहीतरी करतं, आणि शेवटी उरतं ते व्हिनेगरमधलं आम्ल. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मिथेनॉलवरही यकृत तीच प्रक्रिया करतं, त्याच विकरानं. पण त्यातून आधी निघतं ते आमच्या प्रयोगशाळेत बेडूक बुडवून ठेवतात ते द्रव्य, आणि मग लाल मुंगीच्या डंखातलं आम्ल. ते रक्तात साचतं, श्वास कोंडतं आणि डोळ्यांच्या नसा जाळतं. मिथेनॉल रंगकामाला वापरतात आणि ते स्वस्त असतं. कुणी स्वस्तात दारू वाढवली असेल तर चमच्याला ते समजायचं काही कारण नाही.

आणि उपाय काय, तर चांगली दारू. यकृताला दोन्ही एकदम मिळाली तर ते आधी इथेनॉल हातात घेतं. ते त्यात गुंतलेलं असलं की मिथेनॉल तसंच पडून राहतं आणि हळूहळू लघवीवाटे, श्वासावाटे निघून जातं. म्हणून ते जिन पिणारे अट्टल बेवडे गावभर हिंडत होते, आणि पाण्यावर राहिलेला माझा भाऊ आंधळा झाला होता. हे मला फाटकापासून मांग इगमेच्या घरापर्यंत धावताना समजलं. त्याची मला इतकी चीड आली की रस्त्यात मी मोठ्यानं बोलत होते.

मांग इगमेकडे जुन्या भट्टीची एकच बाटली उरली होती. ती त्यानं आंबोच्या पेटीत ठेवायला राखली होती, मुलाच्या हाताशी. मी त्याला सगळं समजावत बसले नाही. म्हटलं, "कॅनमधली विषारी आहे. डेल्फिन मरतोय. ही बाटली द्या आणि तीनचाकीवाल्याला चॅपेलपाशी पाठवा."

तो म्हणाला, "निळी होती गं. मी स्वतः बघितली." मग पेटीजवळ जाऊन त्यानं बाटली काढली, आंबोच्या कपाळाला हात लावला आणि ती माझ्या हातात दिली.

चॅपेलमध्ये डेल्फिन वेदीच्या पायरीला टेकून बसला होता. चढण चढताना घ्यावा तसा मोठा मोठा श्वास घेत होता. बेलेन त्याच्याजवळ गुडघ्यांवर. तिच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं. मी पेला भरून पुढं केला. त्याला वास आला आणि त्यानं तोंड फिरवलं.

"मॅम, आता नको," तो म्हणाला. "डोळे घेतले तिनं. आता आणखी प्यालो तर जीव घेईल."

बेलेन उठून मध्ये उभी राहिली. "तुम्ही बहीण आहात की वैरीण? तिच्यासमोर दारू घेऊन आलात?"

मी चिडून ओरडणार होते, पण तिचे गुडघे बघितले आणि आवाज खाली आणला. म्हटलं, "बेलेन, हे सांता लुसियाचं काम नाही. दारूत विष होतं. ते अजून याच्या रक्तात आहे आणि दर घटकेला जास्त जहरी होतंय. ही चांगली दारू पोटात गेली तर त्या विषाला थांबावं लागेल. तेवढ्यात आपण इस्पितळात पोचू. मला शपथेतलं काही कळत नाही, पण हे कळतं. आयुष्यभर हेच शिकवत आले."

ती वळून वेदीपाशी गेली, ताटावर हात ठेवला आणि संताच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "शपथ मी घातली होती. मीच मोडते. घ्यायचं असेल ते माझं घे."

माझ्या हातातला पेला तिनं घेतला आणि त्याच्या ओठांना लावला. जन्मभर त्याच्या हातातले पेले हिसकावून फेकणारी बाई ती. डेल्फिननं तिचं मनगट चाचपून ओळखलं. सवयीनंच त्याच्या तोंडून निघालं, "घेतो बरं का."

चॅपेलमध्ये आम्ही दोघीच होतो.

"लाभो," बेलेन म्हणाली.

इस्पितळापर्यंत तिनं त्याला घोट घोट पाजलं, तीनचाकीच्या धक्क्यांत थेंब न सांडता. इस्पितळातही खरं औषध नव्हतंच. त्यांनी रक्त यंत्रातून धुतलं आणि मध्ये मध्ये नळीनं दारूच दिली. डेल्फिन वाचला. बैठकीतले दोघं गेले. डोळे मात्र परत आले नाहीत. डॉक्टर तरुण होती, भली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, तुम्ही दिलीत म्हणून जीव वाचला, मॅम. पहाटेच कुणी दिली असती किंवा लगेच इथं आणलं असतं तर नजरही थोडीफार राहिली असती. ही गोष्ट मी स्वतःशीच ठेवली.

डेल्फिन घरी आला. माडावर चढणारे पाय आता दारापासून पाणवठ्यापर्यंत दोरी धरून चालू लागले. तो काथ्या वळायला शिकला. कुणी भेटायला आलं की म्हणायचा, माझी मीच शपथ मोडली, सांता लुसियानं आपला हिशेब चुकता केला, बाकी तिनं मला काही त्रास दिला नाही. असं तो हसत सांगायचा आणि बेलेन उठून आत जायची. ती वाळत चालली होती. त्याला भरवायची, आंघोळ घालायची, पण त्याच्याजवळ बसायची नाही. कणीस भाजायची ते सगळं त्यालाच द्यायची. शुक्रवारी चॅपेलमध्ये गुडघ्यांवर जायची आणि मेणबत्ती डोळ्यांच्या इतकी जवळ धरायची की तिच्या पापण्या जळाल्या. मी तिला फटकारलं. ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या तोंडी शपथ मीच घातली ना. डोळेच का मागितले मी? पाय मागितले असते, हात मागितला असता. मीच दाखवले तिला ते. माझे घे म्हटलं होतं, ती घेत नाही."

मला हे सहन होईना. देवावर माझा विश्वास आहे, पण कुणीतरी रंगाचं रसायन विकावं, ते देवाच्या नावावर खपून जावं आणि एका बाईनं त्यासाठी पापण्या जाळाव्यात, हे मला मान्य नव्हतं. ठरवलं की हिला डोळ्यांनी दाखवायचं. सांगून ती ऐकायची नाही.

पोलिसांनी कॅन नेला होता, पण मांग इगमेनं त्यातली थोडी दारू आधीच एका बरणीत काढून ठेवली होती. का ठेवली विचारलं तर म्हणाला, रोज बघतो, काय दिसायला हवं होतं ते कळतंय का म्हणून. मी बरणी मागितली. आंबोच्या बाटलीच्या तळाशीही चांगली दारू थोडी उरली होती. शनिवारी शाळा रिकामी असते. मी डेल्फिनला आणि बेलेनला प्रयोगशाळेत बोलावलं. तो पुढच्या बाकावर बसला, हातांनी बाक चाचपत म्हणाला, "मॅमनं शेवटी मला पहिल्या बाकावर बसवलंच." मांग इगमेला बोलावलं होतं, पण तो आला नाही.

मी खिडक्या लावल्या. दोन्ही दारू आधीच वेगवेगळ्या तापवून त्यांची पहिली वाफ थंड करून घेतली होती. मिथेनॉल आधी उकळतं, म्हणून असलंच तर ते पहिल्या थेंबांत सापडतं. दोन चिनी मातीच्या वाट्यांत ते थेंब ओतले आणि दोन्हींत झुरळांसाठी दुकानात मिळते ती पांढरी पूड घातली. ते बोरिक आम्ल. ते मिथेनॉलशी चटकन जुळतं आणि ज्योतीला रंग देतं. इथेनॉलशी तितक्या सहजी जुळत नाही.

"ही आंबोच्या बाटलीतली," मी म्हटलं आणि काडी लावली. ज्योत उठली, निळी, वर जरा पिवळसर.

"ही कॅनमधली."

ती हिरवी पेटली. कोवळ्या माडाच्या झापासारखी हिरवी. अंधारलेल्या खोलीत बेलेनचं तोंड त्या उजेडात वेगळंच दिसलं. मी विजयी मुद्रेनं बोलायला लागले, वर्गात बोलते तशी. हे बघ, म्हटलं, चमच्यात दोन्ही निळ्याच दिसल्या असत्या, पूड घातल्यावर खरं बाहेर आलं. हे मिथेनॉल. यानं त्याचे डोळे घेतले. तुझ्या शपथेचा यात काही संबंध नाही. त्यानं शपथ घेतली नसती तरी हेच झालं असतं. कुणा संताचं, कुणा शपथेचं काम नाही हे, एका हरामखोर व्यापाऱ्याचं आहे.

बेलेन ज्योतीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे विषच होतं."

"विषच."

"मग त्या दिवशी पहाटेच त्याला इस्पितळात नेलं असतं तर?"

मी एवढं सगळं मांडलं होतं, वाट्या, पूड, थेंब, आणि हा एक प्रश्न ती विचारेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शपथेतून मी तिला सोडवलं होतं आणि थेट त्या सकाळीत नेऊन उभं केलं होतं. चॅपेलचं दार, वेदी, पुन्हा दार. तिनं स्वतःच्या हातांनी त्याला उचलून पुन्हा पुन्हा गुडघ्यांवर उभं केलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या क्षणी सुचलं नाही, आणि माझं गप्प राहणं तिनं ऐकलं.

ती खाली बसली. रडली नाही. तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

डेल्फिननं मान आमच्याकडे वळवली आणि विचारलं, "बेलेन, कसला रंग आहे गं?"

त्यानं परत विचारलं.

"हिरवा," ती म्हणाली.

"छे," डेल्फिन म्हणाला. "निळा असेल. तुला नीट दिसलं नसेल."

"मी बघतेय ना. हिरवा आहे."

"अंधारात तसं वाटतं. मी जन्मभर बघितलीये ती ज्योत, निळीच असते." तो बाकाचा आधार घेत उठला आणि तिच्या आवाजाच्या रोखानं हात पुढं करत आला. हाताला तिचा खांदा लागला, मग केस, मग जळलेल्या पापण्या. तिथं त्याची बोटं थांबली. "हे बघ. शपथ माझ्या तोंडानं घेतलेली आणि माझ्या तोंडानं मोडलेली. तू चॅपेलमध्ये नेलंस म्हणून तिनं निदान जीव ठेवला. झालं ते शपथेमुळंच झालं, दुसरं काही नाही. मॅम, तू सांग तिला. निळीच आहे की नाही?"

डेल्फिन काही वेडा नाही. माडी कधी उतरली, कधी आंबली, पोय उद्या फुटेल की परवा, हे वासावरून सांगणारा माणूस तो. पहिली काडी पेटली तेव्हापासून त्याला सगळं कळत होतं, बेलेनचा प्रश्नही आणि माझं गप्प राहणंही.

इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की जे दिसेल तेच वहीत लिहायचं, हवं ते लिहायचं नाही. ज्योत माझ्यापुढं होती, ठसठशीत हिरवी.

"निळीच आहे," मी म्हटलं.

बेलेननं माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, मग त्याच्या तोंडाकडे. त्याचा हात तिच्या डोळ्यांवरच होता. तिनं तो तिथंच धरून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "निळीच आहे."

ज्योत विझेपर्यंत ती त्याच्या बोटांच्या फटींतून बघत राहिली.